मनावरच्या दगडाची सोनोग्राफी

आमचे हे पीण्यात होते. म्हणजे पीण्या नावाची बंगळूरची औद्योगिक वसाहत आहे, तिथल्या एका कारखान्यात. हा खुलासा मी गेली एकतीस वर्षं करते आहे. पण मिरजेत लग्नाच्या पंगतीत "जावई काय करतात?" "पीण्यात असतात" एवढं झालं की पुढचं ऐकायला कुणी थांबत नाही, जो तो कळवळून माझ्या पानात एक जिलेबी जास्त वाढतो. २०१८ च्या सप्टेंबरात हे रिटायर झाले तेव्हा माहेरी सगळ्यांना हायसं वाटलं ते याच कारणाने. सुटली एकदाची!

रिटायर होताना गेटपास, टोपी आणि कारखान्याचा ग्रुप विमा या तिन्ही गोष्टी एकदम जमा करून घेतल्या गेल्या. मग एजंट आले. मूळचे बेळगावचे. सीमाप्रश्न त्यांच्यापुरता केव्हाच सुटलेला आहे: ज्या भाषेत चेक मिळेल ती मातृभाषा. येलहंका न्यू टाउनमधल्या आमच्या जेवणाच्या टेबलावर त्यांनी फॉर्म पसरला, चष्मा पुसला आणि सुरुवातीलाच बजावलं,

"वहिनी, सगळं खरं सांगायचं. खोटं लिहिलं आणि उघडकीला आलं, तर क्लेम गेला."

"आणि खरं लिहिलं तर?"

"तर कधीकधी पॉलिसी गेली." मग जरा विचार करून म्हणाले, "आधी चहा घेऊ."

खालच्या मजल्यावर माझे दीर आणि ब्याऐंशी वर्षांच्या आत्याबाई राहतात. भावजी कॉलेजात गणित शिकवायचे, लग्न केलं नाही, डोक्यावर केस नाहीत, त्यामुळे खर्चही कमी. त्यांनीही त्याच चहात आपली पॉलिसी घेऊन टाकली. ही तारीख लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडणार आहे. आम्ही मात्र ठेवली नव्हती.

तंबाखू? नाही. दारू? ह्यांनी सवयीने "पीण्यात होतो" असं सांगितलं आणि एजंटचं पेन "होय"च्या चौकटीपर्यंत जाऊन पोहोचलं. तो घोळ निस्तरेपर्यंत पुढचा प्रश्न आला. मानसिक आजार, नैराश्य, चिंता, निद्रानाश किंवा तत्सम तक्रार आहे किंवा होती काय? होय, नाही.

"चिंता म्हणजे कसली?" मी विचारलं.

कारण मराठी घरात चिंता हा आजार नसतो, ते खातं असतं, आणि ते बायकांकडे असतं. माझ्या आईने ते चाळीस वर्षं बिनपगारी सांभाळलं. पाऊस आला की वाळवणाची, नाही आला की पाण्याची; पत्र आलं की आत काय असेल याची, नाही आलं की का आलं नाही याची. ती गेल्यावर खातं शिलकेसह माझ्याकडे आलं. आता हे "तत्सम तक्रारी"त धरायचं की वडिलोपार्जित मालमत्तेत?

"तसली नाही हो," एजंट म्हणाले. "डॉक्टरनं लेटरहेडवर लिहिलेली चिंता. बाकीची सगळी फुकट."

लेटरहेडवर तोपर्यंत काही नव्हतं. आम्ही तिघांनीही प्रामाणिकपणे "नाही"वर खूण केली.

पुढच्याच वर्षी, डिसेंबरात, हेब्बाळच्या फ्लायओव्हरवर माझी छाती धडधडायला लागली. येलहंका हे नाडप्रभू केंपेगौडांचं गाव. इथून निघून त्यांनी १५३७ मध्ये बंगळूर वसवलं. मध्ये हेब्बाळचा फ्लायओव्हर नव्हता म्हणून वसलं. असता तर राजधानी हेब्बाळलाच राहिली असती आणि महाराज बैलगाडीतून अजून "निघालोय, पोचतोच" असं कळवत असते. तर आम्ही तिथे पाऊण तास उभे. आधी हातांना मुंग्या आल्या, मग घाम फुटला, मग श्वास पुरेना, आणि मग अगदी स्वच्छ कळलं की आपण आता चाललो. मी ह्यांना तसं सांगितलं. हे म्हणाले, "थांब, पुढची बस हलू दे."

इस्पितळात ईसीजी झाला, इको झाला, रक्त तीन वेळा घेतलं, रात्रभर छातीला वायरी लावून झोपवलं. सकाळी हृदयाचे डॉक्टर आले आणि म्हणाले, "हार्ट एकदम फर्स्ट क्लास आहे." बिल सेहेचाळीस हजारांच्या वर. कंपनीने हातमोजे, मास्क आणि इलेक्ट्रोड वगळून सगळं भरलं. आरोपी निर्दोष सुटला आणि कोर्टखर्च विमा कंपनीने दिला, असा हा एकमेव खटला असावा.

पण डॉक्टरांनी डिस्चार्जच्या कागदामागे एक नाव लिहून दिलं होतं. "एकदा यांना भेटा." मानसोपचारतज्ज्ञ.

मराठी माणसाला मानसोपचार म्हटलं की डॉक्टर आठवत नाही, गाव आठवतं. सरकारने चार ठिकाणी मनोरुग्णालयं काढली, येरवडा, ठाणे, रत्नागिरी, नागपूर. रुग्णांना खाटा मिळाल्या आणि भाषेला चार टोमणे. येरवड्याला तर तुरुंगही असल्यामुळे "तो येरवड्याला आहे" म्हटलं की "कुठल्या?" असं विचारावं लागतं. तसं बंगळूरला निम्हान्स. भांडण रंगात आलं की इथला रिक्षावालाही समोरच्याला निम्हान्सचा रस्ता दाखवतो. फक्त निम्हान्सची एक सोय आहे. तिथे मन आणि मेंदू दोन्हींचे विभाग एकाच फाटकाच्या आत आहेत, त्यामुळे आत जाताना ओळखीचं कुणी भेटलंच तर "मानेची नस दाखवायला आलोय" म्हणता येतं. त्या फाटकावर बंगळूरच्या निम्म्या माना दुखत असतात.

मी कुठे जाते आहे हे आत्याबाईंनी मिरजेला फोनवर सांगितलं. पलीकडे ऐकू कमी येणारी त्यांची मैत्रीण. "सून येलहंक्यात दाखवते आहे" याचं पलीकडे "येरवड्यात" झालं. संध्याकाळपर्यंत मिरजभर बातमी: नवरा पीण्यात, बायको येरवड्यात. पुढच्या लग्नात माझ्या पानात दोन जिलेब्या जास्त पडल्या.

मानसोपचारतज्ज्ञ शांत गृहस्थ निघाले. त्यांनी अर्धा तास ऐकून घेतलं. आमच्या लग्नाला तेव्हा पंचवीस वर्षं झाली होती आणि इतका वेळ सलग ऐकून घेणारा पुरुष मी प्रथमच पाहत होते. याला पॅनिक अ‍ॅटॅक म्हणतात, औषध आहे, बरं होतं, म्हणाले. आठ भेटी, दर भेटीला सातशे रुपये, सहा महिने गोळ्या. हेब्बाळ होतं तिथेच राहिलं, पण माझी धडधड गेली.

गोळ्यांचं मात्र एक होतं. औषधाच्या दुकानातला मुलगा इतर वेळी तोंडातल्या तोंडात पुटपुटतो. पण माझी चिठ्ठी पाहिली की दुकानाच्या त्या टोकाला ओरडून विचारायचा, "मॅडमगे निद्दे मात्रे?" कन्नडमध्ये निद्दे म्हणजे झोप आणि मात्रे म्हणजे गोळी. रांगेतली सगळी माणसं वळून बघायची. आपल्याकडेही जुने वैद्य मात्रा उगाळून द्यायचे. आता मराठीत मात्रा फक्त चालत नाही. इथे ती चालते, आणि साऱ्या न्यू टाउनला ऐकूही जाते. दुकानदार मग त्या गोळ्या वर्तमानपत्रात, वर्तमानपत्र काळ्या पिशवीत, असं बांधून द्यायचा. सॅनिटरी नॅपकिनची पिशवी आणि मनाची पिशवी एकाच रंगाची.

सगळी बिलं नीट टाचून मी एजंटना दिली. त्यांनी ती न उघडता परत केली.

"ओपीडी आहे वहिनी. अ‍ॅडमिट कुठं झालात?"

"डॉक्टर म्हणाले गरज नाही."

"चोवीस तास पडायला पाहिजे."

"अहो, पण पडायची गरजच नव्हती. मी बरी झाले."

एजंटनी मान हलवली. "तोच प्रॉब्लेम आहे. तुमचे डॉक्टर चांगले आहेत."

म्हणजे बघा. जो आजार मला नव्हता त्याचे सेहेचाळीस हजार मिळाले. जो होता त्याचे पाच हजार सहाशे मिळाले नाहीत. कंपनीचं गणित असं की आजार खरा असेल तर माणूस आडवा होतो. उभ्या माणसाला फार तर सर्दी. आता मन ही वस्तूच अशी की बहुतेकदा ती आडवी होत नाही. ती डबा भरते, बसमध्ये लोंबकळते, दहा ते सहा खुर्चीत बसून येते, आणि रात्री जेव्हा आडवं व्हायचं तेव्हा टक्क जागी राहते. तेव्हा चोवीस तास मोजायला कुणी नसतं. हल्ली काही कंपन्या ओपीडीचं वेगळं कव्हर विकतात, त्याचा हप्ताही वेगळा. तो ऐकून मला हेब्बाळची आठवण झाली, म्हणून मी तो विषय सोडला.

दोष एकट्या कंपनीचा नाही. आपली भाषाच मनाला फार राबवते. आपण मन मारतो, मन मोडतो, मनावर घेतो, मनाला लावून घेतो, आणि एवढं करून भागलं नाही की मनावर दगड ठेवतो. मिरजेच्या आमच्या वाड्यात प्रत्येक बाईच्या मनावर एकेक दगड होता. कुणाच्या सासूने ठेवलेला, कुणी स्वतः ठेवून घेतलेला. मुतखड्याचे पैसे विमा देतो. त्यालाही बहुतेक पॉलिसींत दोन वर्षं थांबावं लागतं, पण देतो, कारण सोनोग्राफीत तो दिसतो, मिलिमीटरमध्ये मोजता येतो. मनावरच्या दगडाचं माप काय सांगणार? "साधारण पाटावरवंट्याएवढा, सन १९९४ पासून" असं लिहिलं तर ते "आधीपासूनच्या आजारा"त जाणार.

तेव्हापासून मला विम्याचे कागद वाचायचा नाद लागला. मेडिक्लेमच्या जुन्या पुस्तिका मोठ्या मजेच्या आहेत. कशाकशाचे पैसे मिळणार नाहीत त्या यादीत युद्ध, अणुस्फोट, गुप्तरोग, दारू यांच्या पंगतीत "सर्वसाधारण अशक्तपणा" आणि "खंगलेली अवस्था" या गोष्टीही बसवलेल्या होत्या. मनाचे आजारही कित्येक पुस्तिकांत याच मंडळींच्या मांडीला मांडी लावून. म्हणजे तुमच्यावर अणुबॉम्ब पडला किंवा तुम्हाला उदास वाटलं, तर कंपनी दोन्हींना सारख्याच अंतरावरून नमस्कार करायची.

मग संसदेने २०१७ मध्ये मानसिक आरोग्य सेवा कायदा केला, आणि २०१८ मध्ये तो लागू झाला. त्याच्या एकविसाव्या कलमात एक छोटं चौथं उपकलम आहे. शरीराच्या आजारावरच्या उपचारांना ज्या धर्तीवर विमा मिळतो त्याच धर्तीवर मनाच्या आजारालाही प्रत्येक विमा कंपनीने तो द्यावा, एवढंच. इतका सरळ कायदा मी पहिल्यांदाच वाचला. ऑगस्ट २०१८ मध्ये, म्हणजे एजंट आमच्याकडे चहाला आले त्याच्या महिनाभर आधी, इर्डाने, म्हणजे विमा कंपन्यांवरच्या सरकारी नियामकाने, सगळ्या कंपन्यांना परिपत्रक काढून सांगितलं की हे ताबडतोब करा.

"ताबडतोब" हा शब्द समजायला येलहंक्यात राहायला हवं. आमच्याकडून विमानतळाला निळी मेट्रो जाणार आहे. खांब आले, मग खांबांवर झाडांची चित्रं आली, मग खांबांखाली चहावाले आले. मेट्रोच काय ती यायची आहे. तसंच हे परिपत्रक. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयात जनहित याचिका गेली, न्यायालयाने केंद्राला आणि इर्डाला विचारलं, काय झालं त्याचं? शेवटी इर्डाने ३१ ऑक्टोबर २०२२ ही तारीख देऊन टाकली: सगळ्या पॉलिसींत मनाचा आजार आलाच पाहिजे. कायद्यापासून पाच वर्षं. ताबडतोबच म्हणायचं.

मधल्या काळात लोक कोर्टात गेले ते वेगळेच. दिल्लीत एका बाईंचा क्लेम, आजार मनाचा आहे म्हणून, कंपनीने नाकारला. एप्रिल २०२१ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने कंपनीला ३ लाख ९५ हजार रुपये द्यायला लावले आणि वर २५ हजार खर्चाचे. तिथलंच दुसरं प्रकरण तर आत्याबाईंना मी दोनदा वाचून दाखवलं. पॉलिसी ३५ लाखांची, पण कंपनीचं म्हणणं, या आजाराला ५० हजारांपर्यंतच. आत्याबाई म्हणाल्या, "म्हणजे आमच्या वेळच्या सुनेसारखं. घर सगळं तिचंच, फक्त कपाटाला हात लावायचा नाही."

आणि आमच्या ह्यांच्या जिव्हाळ्याचा विषय, तोही यात आहे. कायद्याने मानसिक आजाराची जी व्याख्या केली, तिच्यात दारू आणि अमली पदार्थांच्या सेवनाशी निगडित मानसिक अवस्था स्पष्टपणे येतात. आणि पॉलिसीत वगळलेल्या गोष्टींची जी प्रमाणित यादी इर्डानेच २०१९ मध्ये दिली, तिच्यात बाराव्या क्रमांकावर काय आहे? दारू, अमली पदार्थ, कुठलंही व्यसन, त्यावरचा इलाज आणि त्याचे परिणाम. एका हाताने वाढायचं, दुसऱ्या हाताने पान ओढून घ्यायचं. ह्यांनी हे वाचलं आणि बराच वेळ गप्प बसून म्हणाले, "मी खरंच पीत असतो तर हायकोर्टात गेलो असतो."

माझा भाचा मान्यता टेक पार्कात नोकरीला आहे. त्याच्या कंपनीचा विमा भारी, समुपदेशनाच्या काही बैठकी फुकट, अ‍ॅपवर एक हिरवं पान रोज विचारतं, आज कसं वाटतंय? तो रोज "उत्तम"वर बोट ठेवतो. कारण वाटतं तसं लिहिलं तर एचआरला कळेल ही भीती. गेल्या वर्षी त्याची झोप उडाली तेव्हा तो कंपनीच्या फुकट बाईंकडे न जाता बाहेर पंधराशे रुपये देऊन जायचा आणि पैसे पाठवताना फोनमध्ये कारण लिहायचा: "दाढ". त्याच्या बँकेच्या हिशेबात अकरा दाढा आहेत. मान्यतेत बसून मान्यता नाही ती अशी.

निम्हान्सने २०१५-१६ मध्ये बारा राज्यांत पाहणी केली, तिच्यात दर शंभर प्रौढांत दहाहून जरा जास्त माणसांना त्या वेळी कुठला ना कुठला मानसिक आजार होता. आमच्या सोसायटीच्या वार्षिक सभेला साठ जण येतात. मी मोजून पाहिलं, सहा निघायला हवेत. पार्किंगचा विषय निघाल्यावर मला छप्पन्न वाटले, पण ती गोष्ट निराळी.

आता भावजी. जानेवारी २०२५ मध्ये त्यांचं बोलणं कमी झालं. आधी झोप गेली होती ती आम्हाला कळलीच नाही; जेवण गेलं तेव्हा आत्याबाईंना कळलं. सकाळी पेपरातलं सुडोकू कोरं राहायला लागलं. तेव्हा आम्ही घाबरलो. या बाबतीत विनोद सुचण्यासारखं काही नव्हतं. अकरा दिवस इस्पितळात राहावं लागलं, औषधं लागू पडली, आणि बाराव्या दिवशी घरी येऊन त्यांनी आधी अकरा दिवसांची सुडोकू मागितली.

क्लेमचा फॉर्म भरायला आम्ही बसलो. दुखापत की आजार? दुखापत असल्यास स्वतः करून घेतलेली, रस्ता अपघात की मद्यपानाने? पोलिसांत कळवलं होतं का? आणि मग, आजार प्रथम कधी लक्षात आला, दिनांक.

"मला विचाराल तर नववीत," भावजी म्हणाले. "भूमितीच्या पेपराला."

"तू गप्प बस," हे ओरडले. "प्री-एक्झिस्टिंग होईल!"

कंपनीने चौकशीला माणूस पाठवला. कोवळा मुलगा, बिदरकडचा, मराठी उत्तम समजणारा. पण तो आला १२ फेब्रुवारीला, आणि येलहंक्यात त्या आठवड्यात एअरो इंडिया होतं. दर दोन वर्षांनी हवाई दलाच्या इथल्या तळावर हा सोहळा भरतो. विमानांना घारी आडव्या येऊ नयेत म्हणून तळाच्या १३ किलोमीटर परिसरात मटण-मासळी बंद, आणि विमानं आम्हाला आडवी येतात त्यावर काहीच बंद नाही. त्या वर्षी तर रशियाचं सुखोई-५७ आणि अमेरिकेचं एफ-३५ दोन्ही आलेली. मी पोहे केले. हे औषध आणायला गेलेले, भावजी आत झोपलेले. मुलगा वही काढून आत्याबाईंसमोर बसला.

इथे मराठी व्याकरणातला एक भाग सांगायला हवा. आपल्या वाक्यात नकार शेवटी येतो. इंग्रज माणूस आधी "नो" म्हणून मोकळा होतो, मग विमान आलं तरी चालतं. आपण सगळा संसार सांगून झाल्यावर शेवटी "नाही" म्हणतो.

"लहानपणापासून याला असलं काही," आत्याबाई म्हणाल्या, आणि छपरावरून सुखोई गेलं. "...झालं नाही" हे सुखोईने नेलं.

मुलाने लिहिलं.

"आमच्या घराण्यात हे मनाचं दुखणं म्हणजे," आत्याबाई म्हणाल्या. घुंईऽऽऽ. खिडक्यांच्या काचा, पोह्यांची बशी, सगळं थरथरलं. "...कुणालाच नव्हतं."

मुलाने लिहिलं.

"याआधी डॉक्टरांकडे आम्ही याला," वर तीन विमानं एकदम. मी स्वयंपाकघरातून हात हलवत धावत आले. मुलाला वाटलं, पोहे आणखी हवेत का विचारते आहे. त्याने मानेनेच नको म्हटलं आणि लिहीत राहिला. जाताना आत्याबाईंच्या पाया पडला. इतका सुसंस्कृत मुलगा, त्यामुळे कुणाला काही शंका आली नाही.

मार्चमध्ये पत्र आलं. विकार बालपणापासून, कौटुंबिक इतिहास आहे, पूर्वी उपचार झालेले, आणि प्रस्तावात यातलं काहीही जाहीर केलेलं नाही; सबब क्लेम नामंजूर. आत्याबाईंनी ते माझ्याकडून वाचून घेतलं आणि दोन दिवस देवासमोर बसून राहिल्या. तिसऱ्या दिवशी भाच्याने त्यांना १४४१६ हा नंबर लावून दिला. टेलि-मानस, सरकारी, फुकट. २०२२ च्या १० ऑक्टोबरला सुरू झालं, त्याची मुख्य सूत्रं निम्हान्सकडेच आहेत. मराठी निवडता येतं. आत्याबाई पाऊण तास बोलल्या, त्यात निम्मं मिरजेच्या मिशन हॉस्पिटलबद्दल. फोन ठेवून म्हणाल्या, "काय गोड पोर आहे. ऐकते सगळं आणि लिहीत काही नाही."

ह्यांनी लढाईची तयारी केली. आधी कंपनीच्या तक्रार विभागाला लिहायचं, तिथे दाद लागली नाही तर विमा लोकपाल. लोकपालांचं ऑफिस जेपी नगरला. येलहंका शहराच्या उत्तर टोकाला, जेपी नगर दक्षिणेला, म्हणजे मनाच्या क्लेमसाठी हेब्बाळ, मेखरी सर्कल आणि पुढचं सगळं ओलांडायचं. परत येईपर्यंत दुसरा क्लेम तयार. ह्यांनी सहा पानी पत्र लिहिलं. त्यात विमानांचा आवाज, मराठीतील नकाराचं स्थान यावर एक परिच्छेद, आणि पुरावा म्हणून एअरो इंडियाच्या उड्डाणांचं वेळापत्रक पेपरातून कापून जोडलेलं.

एजंटनी पत्र वाचलं, बाजूला ठेवलं आणि विचारलं, "पॉलिसी कधीची?"

२०१८. त्या चहाची.

"मग हे सगळं कशाला? साठ महिने सलग हप्ते भरले की मागचं उकरून काढून क्लेम नाकारता येत नाही, फसवणूक सिद्ध झाली तर गोष्ट वेगळी. आधी आठ वर्षं होती, २०२४ ला पाच केली." त्यांनी चार ओळींचं पत्र लिहिलं, सोबत डॉक्टरांचं सर्टिफिकेट. ह्यांनी त्याच पाकिटात आपली सहा पानंही गुपचूप सरकवली. जूनमध्ये क्लेम मंजूर झाला. चार ओळींनी झाला की सहा पानांनी, यावर आमच्या घरात अजून दोन पक्ष आहेत. हे कुणालाही सांगताना "व्याकरणावर जिंकलो" असंच सांगतात.

पैसे आल्यावर कंपनीने हिशेबाचा तक्ता पाठवला. काय दिलं, काय कापलं. भावजींनी चष्मा लावून तो गणिताच्या पेपरासारखा तपासायला घेतला. बेरीज बरोबर निघाली याचं त्यांना थोडं वाईटच वाटलं. टीव्हीचे पैसे कापलेले. मिनरल वॉटर कापलेलं.

"कंगवा, ३५ रुपये, देय नाही," त्यांनी वाचलं आणि टकलावरून हात फिरवला. "कंपनीचं बरोबर आहे. पण इस्पितळाने लावला कुणाला?"

खालच्या ओळीवर त्यांचं बोट थांबलं. "टिश्यू पेपर, १२० रुपये, देय नाही." जरा वेळ ते त्या ओळीकडे बघत राहिले. "वहिनी, रडायचे पैसे मिळाले. डोळे पुसायचे नाही मिळाले."

आत्याबाई पलीकडे शेंगा सोलत बसल्या होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"कशाला घ्यायचे ते कागद," म्हणाल्या. "अकरा दिवस मी बाहेर बाकावर बसले होते की पदर घेऊन. मागायचा होतास."